चित्रग्रीवाचा पाश : एका प्राणिकथेतील मैत्री व जबाबदारी

१

मध्यंतरी लहान मुलांसाठी छापलेले एक सचित्र पुस्तक पाहण्यात आले. विषय परिचयाचाच होता. पारध्याच्या जाळ्यात सापडलेली कबुतरे, जाळ्यासह उडून जाण्याची त्यांची युक्ती आणि शेवटी त्यांना मोकळे करणारा उंदीर. रंग प्रसन्न होते, अक्षर मोठे व ठसठशीत होते. तथापि ज्या पानावर उंदीर जाळे कुरतडीत आहे त्या पानाशी आल्यावर थांबावे लागले. कबुतरांचा राजा मध्यभागी, इतरांहून मोठा असा काढलेला होता आणि उंदीर प्रथम त्याचेच बंध तोडीत होता. बाकीची कबुतरे आपली पाळी येण्याची वाट पाहत होती. पुस्तकाच्या अखेरीस तात्पर्य दिलेले होते : संकटात मित्राने मित्रास साह्य करावे.

चित्रकाराची ही चूक कोणास क्षुल्लक वाटेल. गोष्टीचा शेवट तर गोडच झालेला आहे; कोणाचा पाश आधी तुटला व कोणाचा मागून, याने काय बिघडले? वस्तुतः फार बिघडले. ह्या कथेचे जे पाठ मी ताडून पाहिले आहेत त्या सर्वांत उंदीर व कबुतरांचा राजा यांच्यात एकाच गोष्टीवरून वाद होतो आणि ती गोष्ट म्हणजे पाश तोडण्याचा क्रम. उंदराला राजाचा पाश आधी तोडावयाचा असतो. राजा म्हणतो, आधी माझ्या अनुचरांचे पाश तोड. हा क्रम शतकानुशतके अबाधित राहिला. पालटत गेले ते त्या क्रमाचे समर्थन. राजाने आपला पाश शेवटी का तोडवून घ्यावा, या प्रश्नाला निरनिराळ्या काळांतील व भाषांतील कथनकारांनी निरनिराळी उत्तरे दिली. त्या उत्तरांचा, आणि त्यांच्या अनुषंगाने मैत्री व जबाबदारी या दोन कल्पनांचा, इतिहास थोडक्यात मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

ही कथा पंचतंत्राच्या 'मित्रसंप्राप्ति' नामक दुसऱ्या तंत्रात येते. हितोपदेशात तिला 'मित्रलाभ' हे प्रथम प्रकरण लाभले आहे. तिचे दोन भाग आहेत. पहिल्यात चित्रग्रीव हा कपोतराज व त्याचे अनुचर जाळ्यात सापडतात, एकजुटीने जाळे घेऊन उडतात व हिरण्यक नावाच्या मूषकाकडे येतात. हे सर्व पाहणारा लघुपतनक कावळा त्या मूषकाची मैत्री संपादन करतो. दुसऱ्या भागात मंथरक कासव व चित्रांग हरिण यांची भर पडून चार मित्रांचे मंडळ तयार होते. पुढे हरिण पाशात सापडते, मूषक त्याला सोडवितो, कासव पकडले जाते आणि उरलेले तिघे युक्तीने त्याला सोडवून आणतात.

ह्या कथेच्या जातीची याहून जुनी साक्ष दगडात कोरलेली आहे. मध्य प्रदेशातील भारहूत येथील स्तूपाचा कठडा सामान्यतः इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील मानला जातो. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तो १८७३-७४ च्या सुमारास उजेडात आणला आणि आज त्याचा मोठा भाग कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. त्यावरील एका वर्तुळाकार शिल्पात कुरुंगमिग जातकाची कथा आढळते. पाली जातकसंग्रहात तिचा क्रमांक २०६ आहे. तीत मित्र तीनच आहेत : हरिण, सुतार पक्षी व कासव. हरिण चामड्याच्या पाशात अडकते. कासव दातांनी तो पाश कुरतडते, येथपर्यंत की त्याचे तोंड रक्ताने माखते. सुतार पक्षी पारध्याच्या दाराशी जाऊन त्याच्या तोंडावर झडप घालतो व त्याला खोळंबवून ठेवतो. हरिण निसटते, थकून पडलेले कासव मात्र पारध्याच्या हाती लागते. मग हरिण पारध्याला हुलकावणी देऊन लांब नेते, दुसऱ्या वाटेने परत येते आणि शिंगांनी थैली फाडून कासवाला मोकळे करते.

शिल्पकाराला तात्पर्य लिहावयास जागा नव्हती आणि त्याची गरजही नव्हती. प्रदक्षिणा घालणाऱ्या उपासकाने ते शिल्प पाहावे व सोबतच्या मुलाने त्याविषयी विचारावे, एवढी त्याची योजना पुरेशी होती. तेव्हा प्राण्यांच्या मैत्रीचे 'चित्रपुस्तक' ही वस्तू आपल्याकडे ग्रंथाच्याही आधीची आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. जातकातील कासव मित्राचे काम करून थकले म्हणून सापडते. पंचतंत्रातील कासवाचे तसे नाही. पाश तोडण्याचे काम तेथे मूषकाकडे गेलेले आहे, आणि कासव केवळ मित्राच्या ओढीने, आपली गती मंद आहे हे ठाऊक असूनही, जलाशय सोडून मागोमाग येते. पारधी येताच हरिण पळते, कावळा झाडावर बसतो, मूषक बिळात शिरतो; कासवाला मात्र कोठेच जाता येत नाही. म्हणजे जातकात जे श्रमाचे फळ होते ते पंचतंत्रात स्नेहातून घडलेल्या चुकीचे फळ झाले. जबाबदारीच्या कल्पनेत ही मोठीच भर आहे. मित्राकरिता धावून जाणे हे जसे कर्तव्य, तसेच आपल्या शक्तीची मर्यादा ओळखणे हेही कर्तव्य, असे कथा सुचविते. पण ती येथे थांबत नाही. चूक झालेल्या मित्राला सोडून देण्याचा विचार तिघांपैकी एकाच्याही मनास शिवत नाही. हरिण पाण्याकाठी मृतवत् पडते, कावळा त्याचे डोळे टोचल्याचे सोंग करतो, पारधी कासव खाली टाकून हरिणाकडे धावतो, तेवढ्यात मूषक बंध तोडतो आणि कासव पाण्यात सरकते. ज्याला जे साधते ते त्याने करावे, असा येथे कामाचा वाटा आहे.

३

आता पाश तोडण्याच्या क्रमाकडे वळू.

पंचतंत्राच्या प्रचलित संस्कृत पाठात हिरण्यक राजाचा पाश तोडू लागताच चित्रग्रीव त्याला अडवितो. त्याचे म्हणणे असे की, ही बिचारी सर्व सोडून माझ्या आश्रयास आलेली आहेत; त्यांचा एवढाही मान मी राखू नये काय? शिवाय माझा पाश तोडताना कदाचित तुझे दात मोडतील, किंवा तो दुष्ट पारधी येऊन ठेपेल. तसे झाले तर मला नरकवास निश्चित आहे. यावर हिरण्यक संतुष्ट होऊन सांगतो की, राजधर्म मलाही ठाऊक आहे, मी तुझी परीक्षा पाहत होतो. येथे राजाची जबाबदारी वरच्या दिशेस तोंड करून उभी आहे. आश्रितांचा नाश झाला तर त्याचा जाब परलोकात द्यावा लागेल, ही त्या समर्थनातील निर्णायक बाब आहे.

नारायणपंडिताच्या हितोपदेशात हाच वाद अधिक सविस्तर येतो. तेथे हिरण्यक आपले दात कोमल असल्याचे सांगतो : आधी तुझे पाश तोडतो, मग जमेल तितके इतरांचे. चित्रग्रीव ऐकत नाही असे पाहून तो नीतीचा आधार घेतो की, स्वतःचे रक्षण सर्वांआधी करावे. चित्रग्रीव नीती नाकारीत नाही. नीती तशी असेलही, परंतु आश्रितांचे दुःख मला सोसवत नाही, असे तो म्हणतो. नंतर तो आणखी एक कारण देतो आणि माझ्या मते संपूर्ण कथेत याच्या तोलाचे दुसरे वाक्य नाही. त्याचा आशय असा : जातीने, द्रव्याने व गुणांनी हे सर्व माझ्या बरोबरीचे आहेत, मग मी त्यांचा स्वामी असल्याचे फळ त्यांना केव्हा मिळावयाचे? वेतनावाचून ते माझ्याजवळ राहिले आहेत. येथे जबाबदारीची दिशा पालटली. नरकाचा धाक उरला नाही. राजा आता उत्तर देणे लागतो ते अनुचरांना. स्वामित्व हे त्याने त्यांच्याकडून जणू उसने घेतले आहे, आणि संकटाचा दिवस हा ते ऋण फेडण्याचा दिवस आहे.

तिसरे समर्थन पाहण्यासाठी भारताबाहेर जावे लागते. इराणचा सम्राट खुस्रो अनुशिरवान (कारकीर्द इ. स. ५३१ ते ५७९) याच्या काळी बुर्झोय नावाच्या वैद्याने पंचतंत्राचा पहलवी भाषेत अनुवाद केला. तो आज उपलब्ध नाही. परंतु त्यावरून आठव्या शतकाच्या मध्यास इब्न अल्-मुकफ्फा याने अरबी भाषेत 'कलीला व दिम्ना' सिद्ध केला, आणि तेथून हा ग्रंथ हिब्रू, लॅटिन व अन्य युरोपीय भाषांत गेला. अरबी ग्रंथातील कपोतप्रमुख आपल्या उंदीरमित्राला म्हणतो त्याचे सार असे : माझा पाश आधी तोडलास तर पुढे थकवा आला असता इतरांकडे तुझे दुर्लक्ष होण्याचा संभव आहे. इतरांपासून आरंभ केलास आणि मी शेवटी राहिलो, तर कितीही थकलास तरी मला बंधनात ठेवून तू स्वस्थ बसणार नाहीस. ह्या युक्तिवादात नरक नाही आणि ऋणही नाही. मित्राच्या स्वभावाची अचूक पारख आहे. मित्राचे आपल्यावर प्रेम आहे, इतरांवर नाही, हे ओळखून तो त्या प्रेमाचा उपयोग इतरांसाठी करून घेतो. अरबी ग्रंथ पहलवी अनुवादाच्या द्वारा आजच्या प्रचलित संस्कृत पाठांहून जुन्या शाखेकडे नेतो. तेव्हा हे समर्थन केवळ अरबांचेच असे मानण्याचे कारण नाही.

तीन समर्थनांच्या तीन दिशा झाल्या. एक वर परलोकाकडे, एक खाली आश्रितांकडे व एक शेजारी मित्राकडे पाहते. क्रम मात्र एकच. ह्या क्रमामागील भावना याच कथेपुरती मर्यादित होती असेही नाही. पाली हंसजातकांत पाशात पाय अडकलेला हंसराज धोक्याचा आवाज लगेच काढीत नाही. थवा भयाने उपाशीच उडेल व वाटेत शक्ती संपून पडेल, म्हणून सर्वांचे चरून होईपर्यंत तो वेदना सोसतो. थवा उडून गेल्यावरही सुमुख नावाचा त्याचा सेनापती त्याला सोडून जात नाही. ही हंसकथा अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात भिंतीवर रंगविली गेली. अजिंठ्यास गेलेल्या मराठी वाचकाने ती कदाचित पाहिलीही असेल.

४

भाषेच्या अभ्यासकाला ह्या प्रवासात आणखी काही गोष्टी दिसतात. संस्कृतातील नावे त्या त्या प्राण्याचे गुण सांगतात : लघुपतनक म्हणजे हलके, जलद उडणारा, मंथरक म्हणजे मंदगती, चित्रांग म्हणजे अंगावर ठिपके असलेला. नावांतच कथेची बीजे आहेत. मंथरकाने जलाशय सोडला की, संस्कृत जाणणाऱ्या श्रोत्याला पुढील अनर्थ नावावरूनच कळतो. अरबीत चित्रग्रीवाचे 'अल्-मुतव्वका' म्हणजे कंठाभोवती वलय असलेली असे भाषांतर झाले. कबुतराचा वाचक अरबी शब्द स्त्रीलिंगी असल्याने कपोतराज तेथे कपोतांची स्वामिनी झाला. हिरण्यकाचे नाव बहुतेक अरबी प्रतींत 'झीरक' असे येते. हा चतुर या अर्थाचा फारसी शब्द आहे. याच प्रकरणाच्या आरंभी निष्कपट बंधू या अर्थाचा 'इख्वान अस्-सफा' हा शब्दप्रयोग आहे. दहाव्या शतकात बसरा येथे त्याच नावाचे एक विद्वन्मंडळ होऊन गेले, आणि त्यांनी आपले नाव ह्या कथेवरून घेतले असावे असे मत इग्नाझ गोल्डझिहर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले. उंदराकबुतरांच्या गोष्टीने तत्त्वचिंतकांच्या मंडळास नाव पुरवावे, यावरून त्या काळी ती केवळ बालकथा समजली जात नव्हती हे स्पष्ट होते.

आता 'मित्र' हा शब्द घ्या. अवेस्तेत 'मिथ्र' या शब्दाचा अर्थ करार असा आहे. वैदिक मित्र ही देवताही मुळात मूर्तिमंत करारच होय, असे प्रतिपादन आंत्वान मेये या फ्रेंच भाषापंडिताने १९०७ साली केले. हे ग्राह्य मानल्यास मित्र म्हणजे मुळात आवडता माणूस नव्हे. ज्याच्याशी आपण वचनाने बांधलेले आहोत तो मित्र. 'बंधु' शब्दातही बांधणे आहेच. म्हणजे पाश तोडण्याच्या ह्या कथेत पात्रे एकमेकांना ज्या नात्याने ओळखतात तेही एक बंधनच आहे.

याउलट 'जबाबदारी' हा शब्द मराठीत पुष्कळ मागून आला. अरबी 'जवाब', फारसी 'दार' व 'ई' प्रत्यय यांनी तो बनला, आणि मराठीने त्यातील व-काराचा ब-कार केला. जबाब घेणे, जबाब देणे हे प्रयोग कचेरीच्या व्यवहारातले आहेत. वरिष्ठाने विचारले असता ज्याला उत्तर द्यावे लागते तो जबाबदार. शब्दाची ठेवणच अशी की त्याची दृष्टी वर असते. 'जोखीम' हा मराठीतील दुसरा शब्द याहून निराळा आहे. दुसऱ्याची मौल्यवान वस्तू जवळ बाळगणाऱ्याला आपण जोखीम बाळगणारा म्हणतो. तेथे धोका व राखणदारी एकाच शब्दात नांदतात. चित्रग्रीवापाशी होती ती ह्या अर्थाने जोखीम होती. अनुचरांचा जीव ही त्याच्याकडे दिलेली ठेव होती.

म्हणून आजच्या बालपुस्तकांतून 'मैत्री' आणि 'जबाबदारी' असे दोन स्वतंत्र धडे दिले जातात तेव्हा भाषेच्या इतिहासाशी परिचित असलेल्या माणसाला थोडे चमत्कारिक वाटते. जुन्या शब्दात ते एकच होते.

५

ही फारकत केव्हा व कशी झाली? याचे एक कारण छपाईच्या आरंभकाळात सापडते असे मला वाटते.

मराठीतील आरंभीच्या मुद्रित पुस्तकांत प्राणिकथांचा वाटा मोठा आहे. तंजावरास सरफोजी राजांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सख्खन पंडितांनी केलेला इसापच्या कथांचा अनुवाद 'बालबोध मुक्तावलि' या नावाने छापला गेला. सेरामपूर येथे १८१५ मध्ये मराठी हितोपदेश निघाला व मुंबईत १८२२ मध्ये 'पंचोपाख्यान'. १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसापनीति' व 'बाळमित्र' ही पुस्तके प्रसिद्ध झाली. म्हणजे मराठी मुलाच्या हाती इसाप व विष्णुशर्मा जवळजवळ एकाच वेळी आले, आणि दोघांना वाचण्याची रीत हळूहळू एकच झाली. ती रीत म्हणजे कथेखाली तात्पर्य.

इसापच्या लहानशा कथेला तात्पर्य शोभते. तेथे बोध सांगतो तो कथेबाहेरचा कथनकार, आणि त्याचा निर्णय अखेरचा असतो. पंचतंत्र-हितोपदेशांत बोधवचने पुष्कळ आहेत, पण ती पात्रांच्या मुखी आहेत आणि परस्परविरुद्ध आहेत. हिरण्यक स्वरक्षणाची नीती सांगतो, चित्रग्रीव तिला दुसऱ्या नीतीने उत्तर देतो. ऐकणाऱ्या राजपुत्राला दोहोंतून निवड करावी लागते. वाद काढून तात्पर्य ठेवले की, निवड करण्याचे कामही मुलाकडून काढून घेतले जाते. मग उंदीर कोणाचा पाश आधी तोडतो हे चित्रकाराला महत्त्वाचे वाटू नये, यात नवल नाही. 'मित्रास साह्य करावे' हे तात्पर्य दोन्ही क्रमांना सारखेच लागू पडते.

येथे चित्रांना दोष देण्याचा हेतू नाही. चित्रे ह्या ग्रंथाचे जुने अंग आहेत. इब्न अल्-मुकफ्फा याने आपल्या प्रस्तावनेत ग्रंथाचे चार हेतू सांगितले आहेत. प्राण्यांच्या मुखी भाषण घालून विनोदप्रिय तरुणांना ओढून घेणे हा पहिला. प्राण्यांची नाना रंगांतील चित्रे दाखवून राजेलोकांचे मन रमविणे हा दुसरा. त्यामुळे ग्रंथाच्या प्रती वाढाव्यात, तो जीर्ण होऊन लुप्त होऊ नये आणि चित्रकार व लेखनिक यांना सदैव लाभ व्हावा हा तिसरा. चौथा हेतू तत्त्वचिंतकांसाठी आहे. ग्रंथ चित्रांमुळे टिकेल हा त्याचा अंदाज खरा ठरला. तेराव्या शतकाच्या आरंभीची सचित्र अरबी प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. हेरात येथे १४२९ साली तैमूरवंशीय राजपुत्र बायसुंगुर याच्यासाठी लिहिलेली फारसी प्रत प्रसिद्धच आहे. अकबराच्या चित्रशाळेत 'अन्वार-इ-सुहैली' या फारसी अवताराच्या प्रती चितारल्या गेल्या, आणि अशा रीतीने भारतातून गेलेली कथा भारतात परत आली. चित्रकाराने एक क्षण निवडला की, त्याने कथेचा अर्थ निवडला असे होते. म्हणूनच त्याची जबाबदारी मोठी.

६

हे टिपण लिहीत असताना घरातील एका सहा वर्षांच्या मुलीला मी ही कथा सांगितली आणि मुद्दाम तात्पर्य सांगितले नाही. कबुतरांच्या राजाने आपला पाश शेवटी तोडावयास सांगितल्यावर तिने विचारले, "आणि उंदीर मधेच दमला असता तर?" अरबी पाठातील समर्थन नेमके ह्या प्रश्नाचे उत्तर आहे. मी ते तिला सांगितले. ती काही वेळ गप्प राहिली व मग म्हणाली, "पण त्याला भीती वाटलीच असेल." तेराशे वर्षांत कोणत्या टीकाकाराने हे लिहिले आहे की नाही याची विचारपूस मी केली नाही; कथा मुलीपर्यंत पोचली होती.

बालपुस्तके काढणाऱ्यांना एक लहानशी विनंती करून हा लेख संपवितो. चित्रग्रीवाला हवा तेवढा मोठा काढा, त्याच्या कंठावर हवे ते रंग भरा. परंतु उंदीर जेव्हा त्याच्यापाशी येईल तेव्हा पानावरील इतर सर्व कबुतरे मोकळी झालेली असू द्या. मग तात्पर्य छापले नाही तरी चालेल.